पिशव्यांवरची नावं

आमच्या दुकानात देशभरातली माणसं कापडी पिशव्यांत घडी होऊन बसलेली असतात. बडोद्यात मांडवीपासून दोन मिनिटांवर, एका बांगड्यांच्या दुकानाच्या वर, आम्ही नाटकांचे आणि शाळांच्या कार्यक्रमांचे कपडे भाड्याने देतो. भिंतभर रॅक, रॅकवर पिशव्या आणि प्रत्येक पिशवीवर जाड मार्करने लिहिलेलं नाव. डॉक्टर. वकील. चोर. परी. खेडूत. शास्त्रज्ञ. गरीब. नाव वाचायचं, पिशवी काढायची, बटणं तपासायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. बटणं तपासल्याशिवाय एकही कपडा माझ्या दुकानाचा जिना उतरत नाही, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आले आहे.

हा धंदा सासूबाईंनी सुरू केला. धंदा म्हणून नव्हे. बडोद्यातल्या मराठी मंडळींची गणपतीत नाटकं व्हायची, त्यांना नऊवारी, शालू, फेटे उसने देता देता त्यांच्याकडे कपड्यांचा ढीग साचला. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या तीन कपाटांपैकी अडीच कपाटं राजेमहाराजांची होती आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही चौघं. शेवटी सासऱ्यांनीच कंटाळून मांडवीला जागा घेऊन दिली. आमचे हे रिफायनरीतून निवृत्त झालेत, ते कारेलीबागेत घरी टीव्ही बघतात आणि मी दुकान बघते.

या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. खरी माणसं आणि पिशवीतली माणसं यांची ओळखदेखील नसते. ‘गुजराती’ पिशवीत केडियुं, म्हणजे घेरदार आखूड अंगरखा, आणि रंगीत पागडी आहे. असा गुजराती बडोद्यात फक्त नवरात्रात दिसतो आणि त्यातलेही निम्मे आमचेच मराठी असतात. ‘चोर’ पिशवीत आडव्या पट्ट्यांचा बनियन आणि डोळ्यांवरची काळी पट्टी. आमच्या सोसायटीत खरी चोरी झाली तेव्हा कॅमेऱ्यात दिसलेला चोर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि वॉचमनने त्याला उठून सलाम केला होता. एकदा एक छोटी मुलगी शास्त्रज्ञ व्हायला आली. तिची आई स्वतः प्रयोगशाळेत नोकरीला, काळेभोर केस नीट विंचरून वेणी घातलेली. तरी त्या आईनेच पांढरा विस्कटलेला विग मागितला. मी म्हटलं, “अहो, तुम्ही कुठे अशा दिसता?” तर म्हणाल्या, “पण विग नसला तर लोकांना कळणार कसं?” मी विग दिला. मला काय, विग दोन आहेत.

पूर्वी लोक काय हवं ते तोंडाने सांगायचे, आता फोन पुढे करतात. मालिकेतला नाहीतर सिनेमातला फोटो दाखवतात आणि म्हणतात, “सेम टू सेम.” मी तो फोटो मास्टरांना दाखवते आणि मास्टर शिवतात.

मास्टर म्हणजे आमचे शिंपी. बावीस वर्षं खिडकीजवळच्या मशीनवर बसतात. मुसलमान, उंच, किडकिडीत आणि स्वभावाने अतिशय चिडके. त्यांच्या कात्रीला दुसऱ्याचा हात लागला तर दुपारपर्यंत बोलत नाहीत. सामना असला की फोनवर कॉमेंटरी लावतात आणि आपली विकेट पडली की मशीन थांबतं, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आमचं बोलणं गुजरातीत चालतं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, फक्त त्यांचं ‘बेन’ तेवढं तसंच ठेवते. ‘गरीब’ पिशवीतले फाटके कपडे त्यांनीच केले. मापून फाडले आणि फाटलेल्या कडेने बारीक टीप मारून घेतली. मी विचारलं, ही नसती मेहनत कशाला? तर म्हणाले, “बेन, पोरं ओढाताण करतात. गरीब टिकला पाहिजे.” हे वाक्य मी आजवर किती जणांना सांगून हसवलं असेल, त्याची गणती नाही.

मी स्वतःला या सगळ्यातली जाणकार समजत होते. त्याला एक प्रसंगही कारण होता. शाळेत नाच बसवणाऱ्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या नाटिकेत कामवाली आहे, मराठी सेट द्या.” मी म्हटलं, मराठी सेट म्हणजे नऊवारी, नथ आणि चंद्रकोर, तो सणासुदीचा आहे. त्या म्हणाल्या, “हो, तोच. कामवाली मराठीच असते ना?” आणि पुरावा म्हणून फोनवर मालिका लावली. त्यात खोचलेल्या पदराची, हेल काढून बोलणारी, दर वाक्यात ‘अगं बाई’ म्हणणारी एक बाई केर काढत होती. माझा पारा चढला. मी त्यांना खुर्चीवर बसवून माझे आजेसासरे संस्थानच्या शिक्षणखात्यात काय होते आणि माझी आत्या कॉलेजात काय शिकवायची, तिथपासून ऐकवलं. मालिकावाल्यांचा उद्धार केला. लोक टीव्हीवर जे बघतात तेच डोक्यात घेऊन फिरतात, जरा आजूबाजूला बघा की, असं बरंच बोलले. कामवाली असण्यात एवढं वाईट वाटण्यासारखं काय आहे, हे मात्र तेव्हा माझ्या मनात आलं नाही. बाई बिचाऱ्या परीचा सेट घेऊन निघून गेल्या. मास्टर मशीनवरून म्हणाले, “बेन, आज तुम्ही फार छान रागावलात.” मला ती शाबासकी वाटली.

त्याच वर्षी असेल, एका शाळेचे नाटक बसवणारे सर आले. सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम होता. त्यांनी सिनेमातला फोटो दाखवला. राखाडी पठाणी ड्रेस, गळ्यात चौकडीचा रुमाल, दाढी आणि हातात बंदूक. म्हणाले, “असे सहा.” मास्टरांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि एवढंच विचारलं, “कॉलर उभी की पडलेली?” सर म्हणाले, उभी. आठ दिवसांत सहा ड्रेस तयार झाले. मी रुमाल आणि दाढ्या आणून टाकल्या आणि पिशवीवर लिहिलं, ‘आतंकवादी’. पोलिसाच्या खालोखाल त्याच पिशवीला मागणी असे. मला त्यात काही खटकलं नाही. कामाला काम, मास्टरही तसंच समजत असतील असं मी धरून चालले. त्यांना विचारलं मात्र कधी नाही.

मागच्या डिसेंबरात मास्टरांच्या धाकट्या मुलीचा निकाह होता. त्याआधी दोन महिने दुकानात दुसरा विषय नव्हता. हॉल कुठला, पाहुणे किती, जावई कसा शांत आहे, त्याला क्रिकेट कसं अजिबात कळत नाही. घरच्या सगळ्यांचे कपडे त्यांनी रात्री घरी बसून शिवले. स्वतःसाठी मात्र या माणसाने कधी काही शिवलेलं मी पाहिलं नव्हतं. तेच दोन शर्ट, त्याच पँटी. या वेळी ते चांगलं राखाडी कापड घेऊन आले आणि रोज जेवणाच्या सुट्टीत आमच्याच मशीनवर स्वतःसाठी पठाणी ड्रेस शिवायला लागले. उभी कॉलर, छातीवर बारीक शिलाई. मी कौतुक केलं तर म्हणाले, “मुलीचा बाप आहे, बेन. हॉलच्या दारात उभं राहायचं आहे. येणारा माणूस पहिल्यांदा मलाच बघणार.” असं म्हणून लाजले. मास्टरांना लाजताना मी प्रथमच पाहिलं.

निकाह रविवारी दुपारी होता. शनिवारी तीन शाळांची संमेलनं होती आणि आमच्या जिन्यावर उभं राहायला जागा नव्हती. मास्टरांच्या ड्रेसला फक्त बटणं लावायची राहिली होती. आमच्या डब्यातलं एकही बटण त्यांना पसंत पडलं नाही, म्हणून ड्रेस घडी करून काउंटरवर ठेवून “आलोच” म्हणत ते बाजारात गेले. तेवढ्यात मांजलपूरकडच्या एका शाळेचे शिक्षक आले. पोलीस दहा, सैनिक आठ, आतंकवादी सहा. मी पिशवी उघडली तर त्यात पाचच. सहावा कुठे गेला म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि काउंटरवर राखाडी घडी दिसली. “हा काय, इथेच आहे की,” मी म्हटलं आणि पिशवीत कोंबली. पुढच्या माणसाला परीचे पंख हवे होते.

अर्ध्या तासाने मास्टर परतले. हातात कागदाची पुडी होती. ती उघडून त्यांनी आधी मला बटणं दाखवली, फिक्या चांदीच्या रंगाची, मधे बारीक नक्षी. चार दुकानं पालथी घातली म्हणाले. मग काउंटरकडे बघून विचारलं, “बेन, माझा ड्रेस?”

त्याच क्षणी मला सगळं कळलं, आणि त्याच क्षणी मी थाप मारली. “प्रेसवाल्याकडे दिला मी. कडक इस्त्री करून आणते.” ते म्हणाले, “बटणं लावायच्या आधी कुठे इस्त्री करतात?” पण मी हौसेने केलं असं समजून खूश झाले. दुकान त्यांच्यावर सोपवून मी स्कूटर काढली.

मांजलपूर त्या संध्याकाळी कधी नव्हे इतकं लांब गेलं होतं. वाटेत दोन वराती लागल्या. शिक्षकांना फोन लावत होते, ते उचलत नव्हते. पोचले तेव्हा मैदानावरच्या मांडवात नाटक सुरू झालं होतं आणि आईबापांनी फोन वर धरले होते. स्टेजवर सहाजण बंदुका घेऊन उभे. मी बटणं नसलेला शोधत होते. डावीकडून तिसरा, वर्गात सगळ्यांत उंच असेल असा मुलगा, चष्मा काढायला विसरलेला. त्याची कॉलर तीन सेफ्टीपिनांनी बंद केली होती आणि त्या पिना लाइटमध्ये चमकत होत्या.

मी पुढे जाऊन काही बोलणार तोच सैनिक आले. तेही आमचेच. धडाधड फटाके वाजले. मुलांच्या हातात लाल रंगाच्या छोट्या पिशव्या दिल्या होत्या, त्या त्यांनी छातीवर दाबून फोडल्या आणि एकेक करून पडले. माझा उंच मुलगा चष्मा सांभाळत सगळ्यांत शेवटी पडला. मांडव टाळ्यांनी दणाणला. शेजारच्या गृहस्थांनी शिटी वाजवली. आमचे कपडे स्टेजवर दिसले की मी नेहमी टाळ्या वाजवते, त्या सवयीने माझ्याही दोन टाळ्या वाजून गेल्या. मग हात थांबले. उद्या दुपारी याच ड्रेसमध्ये मास्टर हॉलच्या दारात उभे राहणार होते. तीच उंची, तीच कॉलर. बावीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसला होता, हा ड्रेस शिवताना मी त्याला रोज पाहत होते, आणि तरी माझ्या हाताने तो उचलून बरोबर त्याच पिशवीत टाकला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मुलाने ड्रेस काढून नीट घडी करून दिला. म्हणाला, “सॉरी आंटी, सर म्हणाले रंग धुतला की जातो.” शाळेच्या नळावर मी साबण लावून घासला. लालचा गुलाबी झाला आणि आणखी पसरला.

दुकानात आले तेव्हा मास्टर सुईत दोरा ओवून बसले होते. मी ड्रेस टेबलावर ठेवला. त्यांनी तो पसरला आणि डागाच्या कडेकडेने बोट फिरवलं.

“कुठे गेला होता?”

“चुकून एका शाळेत गेला, मास्टर. नाटकासाठी.”

“कुठलं नाटक?”

“ऐतिहासिक,” मी म्हटलं. “सैनिकाचं काम होतं.”

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली. ड्रेस उलटा करून आतून डाग पाहिला.

“याला बटणं नव्हती,” ते म्हणाले.

“हो.”

“तुम्ही बटणं बघितल्याशिवाय कपडा देत नाही, बेन.”

“गडबड होती, मास्टर.” आणि मी माफी मागायला लागले. रंग कसा लागला, मी किती घासला, नवं कापड आत्ता आणते, रातोरात शिवून घेऊ. ते म्हणाले, रात्री घरी पाहुणे आहेत. त्यांनी सुईतला दोरा काढून रिळाला गुंडाळला, बटणांची पुडी शर्टाच्या खिशात टाकली आणि गेले. ड्रेस टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी निकाहला गेले. खरं सांगायचं तर मी मुसलमान घरातल्या लग्नाला पहिल्यांदाच जात होते. बावीस वर्षांत मोठ्या मुलींच्या लग्नांची दोन आमंत्रणं आली होती आणि दोन्ही वेळा मला काहीतरी काम निघालं होतं. हॉलमध्ये शिरताना माझ्या डोक्यात झुंबरं, अत्तरदाण्या, शेरोशायरी असलं सगळं सिनेमातलं सामान तयार होतं. आत पाहते तर प्लास्टिकच्या खुर्च्या, गोंगाट, आणि शेजारच्या बाई मला विचारताहेत की तुमच्या कारेलीबागेत दहावीच्या गणिताचा क्लास कुठला चांगला? मास्टर दारात उभे होते. जुना पांढरा झब्बा-पायजमा होता, स्वच्छ धुतलेला, पण मनगटाशी पिवळा पडलेला. येणारा माणूस पहिल्यांदा त्यांनाच बघत होता. मला बघून ते पुढे आले आणि पाहुण्यांना म्हणाले, “या आमच्या बेन. बावीस वर्षं यांच्याकडे आहे.” माझ्यासाठी शाकाहारी जेवणाची वेगळी सोय केली होती. मी जेवले, पण मुलीच्या बापाकडे नीट बघता आलं नाही.

नंतर मी त्याच रंगाचं उत्तम कापड आणून दिलं. मास्टरांनी हात फिरवून पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि आठवड्याभरात त्यातून दुकानासाठी चार पँटी शिवून रॅकवर ठेवल्या. “कापड चांगलं होतं, बेन, वाया कशाला घालवायचं?”

मी पिशवीवरचं नाव काळ्या मार्करने खोडलं. पाच ड्रेस हँगरला लावले (सहावा आधीच्या एका शाळेकडून परत आलाच नव्हता, हे वहीत सापडलं), दाढ्या आणि रुमाल वेगळ्या डब्यात टाकले. सव्वीस जानेवारीच्या आधी एक सर आलेच. आतंकवादी सेट आहे का? नाही, मी म्हटलं. त्यांनी हँगरकडे बोट दाखवलं. “मग हे काय आहे?” “पठाणी ड्रेस.” “अहो, तेच तर!” ते हसून म्हणाले. मला नेहमीसारखं छान रागवायचं होतं. कामवालीच्या वेळी अर्धा तास बोलले होते. पण महिन्यापूर्वी माझ्या हाताने, एक अक्षरही न बोलता, हेच केलं होतं. मी एवढंच म्हटलं की ते बुक आहेत. सर दुसऱ्या दुकानात गेले. तिथे त्यांना नक्की मिळालं असणार.

दुकानात आमचं सगळं पहिल्यासारखं चालू आहे. मास्टर चिडतात, मी टोमणे मारते, विकेट पडली की मशीन थांबतं. एक फरक माझ्या उशिरा लक्षात आला. पूर्वी त्यांचं सगळं सामान दुकानातच पडलेलं असायचं. चष्मा मशीनवर, छत्री कोपऱ्यात, स्वेटर खुर्चीच्या पाठीवर, सणाला घरी न्यायची मिठाईसुद्धा दोन दोन दिवस माझ्या काउंटरखाली. आता संध्याकाळी ते एकेक वस्तू गोळा करतात, पिशवीत भरतात, चेन लावतात आणि घेऊन जातात. कात्रीसुद्धा. पहिल्यांदा वाटलं, योगायोग असेल. मग रोज बघायला लागले, आणि रोज वाईट वाटायला लागलं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. मी म्हटलं, तुम्ही टीव्ही बघा.

जानेवारीच्या शेवटी एकदा त्यांचा स्वेटर खुर्चीवर राहिला. मी त्याला हात लावला नाही. फोन केला. “मास्टर, स्वेटर राहिलाय. असू दे इथे, सकाळी मिळेलच.”

“नको बेन, येतो मी,” ते म्हणाले.

अर्ध्या वाटेवरून परत आले. जिना चढून दम लागला होता, म्हणून मी खालून चहा मागवला. ते खुर्चीवर टेकले, स्वेटर मांडीवर ठेवला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला समजत होतं.

“मास्टर,” मी म्हटलं, “ते नाटक ऐतिहासिक नव्हतं.”

त्यांनी चहाचा घोट घेतला.

“माहीत आहे, बेन,” ते म्हणाले. “ते सहाही मीच शिवलेत.”

मग कप खाली ठेवून त्यांनी स्वेटर अंगात घातला आणि जिना उतरून गेले.